एकच औषध, दोन प्रथिनं आणि वहिनींच्या हातातली कॅप्सूल

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारा विद्यार्थी कोल्हापुरात बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. वडील ५९ वर्षांचे, कागल तालुक्यात ऊसशेती. पाठ दुखते म्हणून तपासण्या सुरू झाल्या आणि मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कॅन्सर निघाला. आता बोर्टेझोमिबचं इंजेक्शन, लेनालिडोमाइडच्या कॅप्सूल आणि डेक्सामेथासोन असा तिहेरी उपचार चालू आहे. वर्गात शिकवतात की औषध प्रथिनाच्या खाचेत बसून त्याचं काम बंद करतं. पण लेनालिडोमाइड म्हणे पेशीतली दोन प्रथिनं एकमेकांजवळ आणतं आणि त्यातल्या एकाची विल्हेवाट लावायला लावतं. बोर्टेझोमिब तर विल्हेवाट लावणारं यंत्रच बंद पाडतं. मग ही दोन औषधं एकमेकांच्या विरोधात जात नाहीत का? ‘प्रोटॅक’ नावाची नवी औषधं येताहेत, त्यांच्यासाठी थांबावं का? आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिलेलं एक वाक्य: "वडिलांच्या गोळ्या रोज रात्री वहिनी काढून देते, तिला चौथा महिना आहे, त्यामुळं तिची फार धावपळ होते."

हे शेवटचं वाक्य मी सगळ्यात आधी घेते. बाकीचं उत्तर उद्या वाचलंत तरी चालेल. लेनालिडोमाइड पोटातल्या बाळाला घातक आहे, म्हणून वहिनींनी आजपासून त्या कॅप्सूलला हात लावायचा नाही. ते काम तुम्ही करा, भाऊ करू दे, नाहीतर वडिलांनी स्वतः करावं. आतापर्यंत त्यांनी अख्खी कॅप्सूल पट्टीतून काढून वाटीत ठेवली असेल, फुटलेली हाताळली नसेल, तर घाबरून जाऊ नका. औषध कवचाच्या आत बंद असतं. पण कधी कॅप्सूल फुटून आतली पूड हाताला लागली असेल, किंवा वडिलांना गिळवत नाही म्हणून कुणी ती उघडून पाण्यात कालवली असेल, तर ते वहिनींच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना आणि वडिलांच्या डॉक्टरांना आजच सांगा. वडिलांचे उपचार कोणत्या महिन्यात सुरू झाले ते तुम्ही लिहिलेलं नाही. बाळाचे हातपाय पहिल्या दोन महिन्यांत घडतात, त्यामुळं ती तारीखही दोघांना सांगा. आणि वहिनींना दोष देऊ नका. त्यांना हे आधी सांगायला हवं होतं, आणि सांगण्याचं काम आमचं होतं.

मी गेली एकवीस वर्षं कोल्हापुरात रक्ताच्या कॅन्सरचे रुग्ण बघते. तुम्ही प्रश्न वेगवेगळे विचारलेत, पण मला त्यात एकच दिसतो: जे औषध सासऱ्यांना तारतं तेच सुनेच्या पोटातल्या बाळाला घातक कसं? वर्गातली व्याख्या इथे अपुरी पडते, म्हणून तुमचा गोंधळ झालाय, आणि तो होणं बरोबरच आहे. लेनालिडोमाइडसारखं औषध स्वतः फारसं काही करत नाही. ते दोघांची गाठ घालून देतं. पुढं काय होणार हे त्या पेशीत त्या वेळी कोण हजर आहे त्यावर ठरतं.

वर्गातली कुलूप-किल्लीची गोष्ट खोटी नाही. अ‍ॅस्पिरिन असंच काम करतं, रक्तदाबाचं अ‍ॅम्लोडिपिन असंच काम करतं. प्रथिनाला खाच असते, औषध तिथे बसतं, काम थांबतं. अडचण अशी की पेशीतल्या बहुतेक प्रथिनांना अशी खोल खाच नसतेच. डीएनएवर बसून जनुकं चालू-बंद करणारी प्रथिनं घ्या. त्यांचा पृष्ठभाग नदीतल्या गोट्यासारखा. किल्ली घालायला जागा नाही. मायलोमाच्या पेशी ज्यांच्या जिवावर जगतात ती इकारोस आणि आयोलोस ही दोन प्रथिनं याच जातीची. त्यांना थोपवायला औषध शोधायचं तर शोधणार कुठं? पण थोपवण्याऐवजी त्यांना पेशीतून काढूनच टाकता आलं तर?

तुम्ही ऊसवाल्यांच्या घरचे आहात, म्हणून हे उसाच्या भाषेत सांगते. माझे मामा साखर कारखान्यात चिटबॉय होते. गळीत हंगामात कुणाच्या फडाला कधी तोड द्यायची याची चिठ्ठी त्यांच्या हातून जायची. चिठ्ठी आली की टोळी येणार, ऊस तुटणार, गाडी गव्हाणीवर, म्हणजे ऊस गाळपाला आत जातो तिथं, जाणार. चिठ्ठी नाही, तर उभा ऊस तसाच. आपल्या पेशीत नेमकी हीच व्यवस्था आहे. चिठ्ठीचं नाव यूबिक्विटिन, ७६ अमिनो आम्लांचं एक छोटंसं प्रथिन. ज्या प्रथिनाला या चिठ्ठ्यांची माळ लागली ते प्रोटिआसोम नावाच्या गव्हाणीत जातं, तिथे त्याचे तुकडे होतात आणि सुटी झालेली अमिनो आम्लं पुन्हा वापरात येतात. ही व्यवस्था उलगडल्याबद्दल अ‍ॅरन सिकॅनोव्हर, अवराम हेर्श्को आणि अर्विन रोझ यांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. चिठ्ठी फाडणारे चिटबॉय माणसाच्या पेशीत सहाशेहून जास्त आहेत. पुस्तकात त्यांना ई-३ लायगेज म्हणतात. प्रत्येकाचा गट वेगळा, प्रत्येकाची ओळखीची शेतं वेगळी.

त्यातल्या एका चिटबॉयच्या जोडीला सेरेब्लॉन नावाचं प्रथिन असतं. कुणाला चिठ्ठी द्यायची ते सेरेब्लॉन ओळखतं. त्याच्या अंगावर एक लहानशी खाच आहे आणि लेनालिडोमाइड तिथं बसतं. इथपर्यंत तुमची कुलूप-किल्ली शाबूत. पण खाचेत बसल्यावर औषधाचा एक कोपरा बाहेर डोकावतो आणि त्यामुळं सेरेब्लॉनचा चेहराच बदलतो. एरवी ज्यांना ते ओळखत नाही त्या इकारोस आणि आयोलोसना ते आता आपल्या गटातलेच समजतं. त्यांना चिठ्ठी मिळते, ती गव्हाणीत जातात, आणि औषध तसंच शिल्लक राहतं, पुढच्या इकारोसची गाठ घालून द्यायला. खाच अडवून धरणाऱ्या औषधाला तिथं सतत बसून राहावं लागतं. याला तसं करावं लागत नाही. एक रेणू कितीतरी प्रथिनं गव्हाणीत पाठवतो. या प्रकारच्या औषधाला रेणवीय गोंद म्हणतात. मला तो शब्द तितकासा पटत नाही, कारण गोंद लागला की कायमचा चिकटतो. इथे भेट घडते, चिठ्ठी मिळते आणि दोघं सुटतात.

इकारोस आणि आयोलोस गेले की मायलोमाच्या पेशीतली आयआरएफ-४ आणि मिक ही प्रथिनंही खालावतात. तिच्या जगण्याची मुळं तीच. म्हणून ती मरते, पण हळूहळू. पहिल्या आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून घरच्यांनी धीर सोडू नये. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींमध्ये हीच दोन प्रथिनं इंटरल्युकिन-२ या संदेशद्रव्यावर लगाम ठेवून असतात. तिथून ती गेली की लगाम सुटतो आणि टी-पेशी जोमानं कामाला लागतात. म्हणजे एका पेशीत मरण, दुसरीत जाग. औषध तेच, हटवलेली प्रथिनंही तीच. निरोगी पांढऱ्या पेशी घडतानाही इकारोस लागतो, म्हणून रक्ताच्या तपासणीत त्यांचा आकडा उतरतो. पुष्कळ वेळा एकवीस दिवस औषध आणि सात दिवस सुट्टी असं वेळापत्रक असतं. त्या सुट्टीत पेशींना सावरायला वेळ मिळतो. "आठवडाभर गोळी नाही म्हणजे उपचार वाया" असं वडिलांना वाटत असेल तर हे त्यांना सांगा.

आता एक वेगळा रुग्ण. गडहिंग्लजकडच्या एका आजींना दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागायचं. मुलगा पहाटेच्या एसटीनं त्यांना घेऊन यायचा. त्यांना मायलोमा नव्हता. अस्थिमज्जेचा एमडीएस नावाचा विकार होता, आणि त्यातही पाचव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला. त्यांना हेच लेनालिडोमाइड दिलं, कमी मात्रेत. चार महिन्यांनी आजी म्हणाल्या, "डाक्टर, आता रगात चढवायला बोलवू नगा, मला लई बरं वाटतंय." तिथं काय घडलं होतं? गळालेल्या तुकड्यावर सीके-१ अल्फा या प्रथिनाचं जनुक असतं. निरोगी पेशीत त्याच्या दोन प्रती, आजींच्या आजारी पेशीत एकच. लेनालिडोमाइड सेरेब्लॉनकरवी सीके-१ अल्फालाही चिठ्ठी देतं. निरोगी पेशीकडे साठा दुप्पट, ती तग धरते. आजारी पेशीकडे आधीच अर्धा, तो गेला की ती संपते. मायलोमात गाठ पडते इकारोसशी, इथे दुसऱ्याशीच. मी विद्यार्थ्यांना ही दोन उदाहरणं नेहमी शेजारी शेजारी ठेवून सांगते, कारण या औषधांचं सगळं मर्म त्यात आहे.

आणि तिसरी पेशी म्हणजे पोटातल्या बाळाची. इथे थोडं थांबून सांगावं लागेल, कारण हा इतिहास तुम्ही औषधविक्रीच्या दुकानात बसाल तेव्हा रोज आठवावा असा आहे. लेनालिडोमाइडचा थोरला भाऊ थॅलिडोमाइड. तो १ ऑक्टोबर १९५७ रोजी पश्चिम जर्मनीत झोपेचं औषध म्हणून बाजारात आला. सुरक्षित म्हणून त्याची जाहिरात झाली, आणि गरोदर बायकांना सकाळच्या मळमळीवर ते दिलं गेलं. नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीतल्या बाजारातून ते मागे घेतलं, तोवर जगभरात दहा हजारांहून अधिक मुलं आखूड किंवा न घडलेल्या हातापायांची जन्मली होती. कितीतरी जगलीच नाहीत. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी डॉक्टरांनी पुरावा पुरेसा नाही म्हणून परवानगी रोखून धरली, कंपनीच्या तगाद्याला बधल्या नाहीत, म्हणून तिथली मुलं मोठ्या प्रमाणात वाचली. त्यांचं नाव औषधशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असावं असं मला मनापासून वाटतं.

हे नेमकं कसं घडलं ते कळायला पन्नासहून जास्त वर्षं गेली. २०१० मध्ये जपानमध्ये ताकुमी इतो आणि हिरोशी हांडा यांच्या गटानं दाखवलं की थॅलिडोमाइड सेरेब्लॉनला चिकटतं. २०१४ मध्ये इकारोस-आयोलोसची गोष्ट उलगडली. आणि २०१८ मध्ये कळलं की गर्भाच्या पेशीत हेच औषध सेरेब्लॉनची गाठ सॅल-४ नावाच्या प्रथिनाशी घालून देतं. सॅल-४ हातापायांच्या घडणीत लागतं. ज्यांच्या सॅल-४ जनुकात जन्मतःच बिघाड असतो त्यांच्या अंगठ्यात आणि पुढच्या हातात दिसणारं व्यंग थॅलिडोमाइडच्या व्यंगासारखंच असतं. उंदरांवर हा दोष का दिसला नाही त्याचंही उत्तर मिळालं. माणसाच्या सेरेब्लॉनमध्ये एका जागी व्हॅलिन हे अमिनो आम्ल आहे, उंदराच्या सेरेब्लॉनमध्ये त्या जागी आयसोल्युसिन. तेवढ्या फरकानं तिथे ही गाठ पडत नाही. सशात पडते. म्हणजे सारी दुर्घटना एका अमिनो आम्लाच्या आड दडून राहिली होती. तुमच्या वडिलांच्या शरीरात सॅल-४ ला आता हातपाय घडवायचे नाहीत. वहिनींच्या पोटातल्या बाळाचं तसं नाही. हात घडून गेले म्हणून चौथ्या महिन्यात सूट मिळते असंही नाही.

मग इतकं होऊनही औषध परत कसं आलं? १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन यांनी कुष्ठरोगाच्या वेदनादायी गाठींनी तळमळणाऱ्या रुग्णाला निव्वळ झोप लागावी म्हणून थॅलिडोमाइड दिलं आणि गाठीच विरल्या. कोल्हापूरकरांना शेंडा पार्कमुळं कुष्ठरोग्यांचे हाल ऐकून माहीत आहेत. त्या गाठींचा ताप काय असतो ते पाहिलेल्याला या शोधाचं मोल कळेल. अमेरिकेत त्या विकारासाठी १९९८ मध्ये परवानगी मिळाली. १९९९ मध्ये सीमा सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायलोमात ते चालतं हे प्रसिद्ध केलं. त्याच घराण्यातून लेनालिडोमाइड आलं, पुढं पोमालिडोमाइड. इतकी वर्षं आम्ही डॉक्टर ही औषधं देत होतो आणि ती नेमकी काय करतात ते सांगता येत नव्हतं. मी स्वतः २०१४ च्या आधी रुग्णांना "प्रतिकारशक्ती सुधारणारं औषध" एवढंच सांगायचे.

आता तुमची बोर्टेझोमिबबद्दलची शंका. ती चांगली आहे, आणि प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत ती खरीही ठरते: प्रोटिआसोम पूर्ण बंद केलं तर लेनालिडोमाइड दिलं तरी इकारोस तुटत नाही. गव्हाणच बंद, तर चिठ्ठी घेऊन काय करायचं? पण शरीर म्हणजे बशी नव्हे. बोर्टेझोमिब आठवड्यातून एकदा किंवा दोनदा टोचतात. ते प्रोटिआसोमच्या एका धारेला अडवतं, सगळं यंत्र ठप्प करत नाही, आणि दोन-तीन दिवसांत काम बरंचसं पूर्ववत होतं. लेनालिडोमाइड मात्र रोज पोटात जातं. शिवाय मायलोमाची पेशी रात्रंदिवस प्रतिपिंडं बनवणारी. तिच्याकडे फेकायचा कचरा अफाट. गव्हाण थोडा वेळ जरी अडली तरी ती त्या ढिगाखाली गुदमरते, इतर पेशी निभावून नेतात. म्हणजे दोन औषधं दोन वेगवेगळ्या दिशांनी एकाच पेशीला गाठतात. आणि शेवटी तर्कापेक्षा रुग्णांचा अनुभव मोठा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत लेनालिडोमाइड-डेक्सामेथासोनला बोर्टेझोमिबची जोड दिल्यावर आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यक काळ ३० महिन्यांवरून ४३ वर गेला, आणि आयुष्याचा मध्यक ६४ महिन्यांवरून ७५ वर. तुमच्या वडिलांना दिलेली जोडी या पुराव्यावर उभी आहे. हे आकडे त्या चाचणीतल्या लोकांचे आहेत. वडिलांचा आकडा म्हणून ते धरू नका. नव्या औषधांमुळं आज पुढच्या वाटाही जास्त आहेत.

दोन प्रथिनांना जवळ आणणं ही कल्पना नवी आहे असंही समजू नका. तुमच्या वडिलांच्या तणनाशकाच्या पंपात ती कित्येक वर्षं आहे. टू-फोर-डी फवारलं की उसातला माठ, घोळ पिळवटून वाळतो आणि ऊस उभा राहतो. वारा फिरला तर शेजारच्या टोमॅटोची पानं आकसतात. टू-फोर-डी हे ऑक्झिन या वनस्पतीच्या संप्रेरकाची नक्कल आहे. ऑक्झिन काय करतं? वनस्पतीतल्या टीआयआर-१ नावाच्या चिटबॉयच्या खाचेत बसतं आणि वाढीला आवर घालणाऱ्या प्रथिनांशी त्याची गाठ घालून देतं. आवर घालणारे गेले की वाढ बेफाम सुटते. २००७ मध्ये त्याची स्फटिकरचना समोर आली तेव्हा औषध शोधणाऱ्यांनी कपाळाला हात लावला: झाडं हे कोट्यवधी वर्षं करत आली आहेत. (ओघात आलंच आहे म्हणून सांगते, वडिलांनी सध्या कसलीच फवारणी करू नये. पांढऱ्या पेशी उतरलेल्या माणसाचं ते काम नाही.)

किडनी बदललेल्या रुग्णांची औषधंही याच वाटेची, फक्त तिथं कुणाला गव्हाणीत धाडायचं नसतं. टॅक्रोलिमस आधी एफकेबीपी-१२ या प्रथिनाला धरतं, आणि मग ती जोडी मिळून कॅल्सिन्युरिन या दुसऱ्या प्रथिनाला अडवते. एकट्या टॅक्रोलिमसला ते जमत नाही. सिरोलिमस, म्हणजेच रॅपामायसिन, हेही त्याच एफकेबीपी-१२ ला धरतं, पण त्यातून तयार होणारा चेहरा वेगळा, म्हणून ती जोडी एमटॉर नावाच्या वेगळ्याच प्रथिनाला जाऊन भिडते. पहिला जोडीदार तोच, दुसरा निराळा, परिणाम निराळा. रॅपामायसिन इस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं आणि ते मिळवणारे सुरेंद्र सेहगल आपल्याकडचेच. १९८३ मध्ये माँट्रियलची प्रयोगशाळा बंद होऊन काम गुंडाळलं गेलं तेव्हा त्यांनी तो जिवाणू घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला. १९९९ मध्ये त्याचं औषध झालं. अशी चिकाटी वाचली की मला आपल्या विद्यार्थ्यांबद्दल फार आशा वाटते.

मग प्रोटॅक. लेनालिडोमाइडसारखी औषधं आधी सापडली आणि नंतर समजली. प्रोटॅकमध्ये ठरवून जुळणी करतात: एका टोकाला चिटबॉयला धरणारा तुकडा, दुसऱ्या टोकाला नकोशा प्रथिनाला धरणारा, मधे साखळी. क्रेग क्रूज आणि रे डेशीज यांनी ही कल्पना २००१ मध्ये मांडली, आणि २०१९ मध्ये असं पहिलं औषध माणसांवरच्या चाचणीत गेलं. फायदा मोठा आहे, कारण प्रथिनाच्या नेमक्या कामाच्या जागी बसायची गरज नाही, कुठंही पकड मिळाली तरी पुरते. अडचणीही तशाच. लेनालिडोमाइडचा रेणू २५९ वजनाचा. प्रोटॅक साधारण ७०० ते १०००. एवढा मोठा रेणू आतड्यातून रक्तात आणि रक्तातून पेशीत नेणं सोपं नाही. दुसरी अडचण परीक्षेत विचारतील अशी आहे. मात्रा खूप वाढवली तर परिणाम वाढण्याऐवजी घटतो. सोयरीक जमवणाऱ्या मध्यस्थाचं घ्या. एक मध्यस्थ दोन्ही घरी जाऊन बोलला तर बैठक होते. पण मुलाकडच्या ओसरीवर एक आणि मुलीकडच्या ओसरीवर दुसरा असे वेगवेगळे मध्यस्थ ठाण मांडून बसले, तर दोन्ही घरं गुंतलेली आणि भेट कुणाचीच नाही. रेणू फार झाले की तसंच होतं: चिटबॉयला एक रेणू चिकटलेला, प्रथिनाला दुसराच. याला हूक परिणाम म्हणतात. "जास्त औषध म्हणजे जास्त गुण" हा हिशेब इथे मुळातच चुकतो.

थांबावं का, याचं उत्तर नाही. अजिबात थांबू नका. प्रोटॅकची सगळ्यात पुढं गेलेली कामं स्तनाच्या आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरमधली आहेत. स्तनाच्या कॅन्सरमधल्या वेपडेजेस्ट्रंट या प्रोटॅकच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. ईएसआर-१ जनुकात बदल झालेल्या रुग्णांमध्ये आजार वाढेपर्यंतचा मध्यक काळ २.१ वरून ५ महिने झाला. सगळ्या रुग्णांचा मिळून विचार केला तर फरक ठोस ठरला नाही. मायलोमात सेरेब्लॉनलाच जास्त घट्ट धरणारी इबर्डोमाइड आणि मेझिग्डोमाइड ही औषधं चाचण्यांत आहेत. ती पुढं कधीतरी वडिलांच्या उपयोगी पडतीलही. पण आज हाताशी असलेलं औषध सोडून उद्याच्या औषधाची वाट पाहणं म्हणजे हाडं आणि किडनी आजाराच्या हवाली करणं. मी असं थांबलेले दोन रुग्ण पाहिले आहेत. दोघंही परत आले ते डायलिसिसच्या दारात.

आता माझ्या हातात नसलेल्या गोष्टी. मी वडिलांचे रिपोर्ट पाहिलेले नाहीत, त्यामुळं मात्रेबद्दल बोलणार नाही. लेनालिडोमाइड मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडतं; क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मात्रा कमी करावी लागते, आणि मायलोमात किडनीला त्रास होणं नेहमीचंच. स्वतःच्या मूलपेशी काढून प्रत्यारोपण करायचा विचार असेल तर काही आवर्तनांनंतर त्या काढून ठेवाव्या लागतात, कारण हे औषध फार काळ चालू राहिलं की त्या पुरेशा मिळत नाहीत. पायात किंवा फुप्फुसात गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिन द्यायचं की रक्त पातळ करणारं दुसरं औषध, हे त्यांच्या वजनावर, आधीच्या आजारांवर आणि हालचालीवर ठरतं. पुढच्या भेटीत हे तीनही विषय तुम्ही स्वतः काढा. एक पोटरी सुजून दुखायला लागली, अचानक धाप लागली, ताप आला, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. रात्र असली तरी. बोर्टेझोमिबमुळं नागीण उठू शकते, तिच्यासाठीची प्रतिबंधक गोळी चालू आहे का तेही विचारा. आणि पुढं कधी औषध लागू पडेनासं झालं तर वडिलांचं पथ्य चुकलं असं कुणी म्हणू नये. आजारी पेशी सेरेब्लॉनच कमी करून निसटतात, आणि तेव्हा वेगळ्या वाटेनं जाणारी औषधं आमच्याकडे असतात.

घरासाठी एवढं करा. कॅप्सूल पट्टीतच राहू दे, डब्यात मोकळ्या काढून ठेवू नका. उघडू नका, चावू नका, कुटू नका. फुटली तर हातमोजे घालून ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधा, हात साबणानं धुवा. आणि हे काम घरातल्या गरोदर किंवा मूल होण्याच्या वयातल्या बाईनं करायचं नाही. औषध पुरुषाच्या वीर्यात उतरतं, म्हणून वडिलांनी उपचार चालू असताना आणि थांबल्यावर चार आठवडे निरोध वापरायचा. वडिलांसमोर हे बोलायला तुम्हाला संकोच वाटेल. मग त्यांच्या डॉक्टरांना सांगा की हे तुम्ही सांगा. आम्हाला सवय आहे. तेवढाच काळ त्यांनी रक्तदानही करायचं नाही. गावात जयंतीला शिबिर असतं, कुणीतरी आग्रह करतं, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं. उरलेल्या कॅप्सूल कचऱ्यात, चुलीत किंवा ओढ्यात टाकू नका, आणि दुसऱ्या कुणा रुग्णाला उपयोगी पडतील म्हणून देऊही नका. जिथून घेतल्या त्या रुग्णालयाच्या औषध विभागात परत न्या आणि नोंद करून घ्या.

आणि वहिनींची पाच महिन्यांची सोनोग्राफी जवळ आली असेल. त्या तपासणीला जाल तेव्हा वडिलांच्या औषधाची रिकामी पट्टी पिशवीत घालून सोबत न्या, म्हणजे नाव सांगताना चूक होणार नाही. पट्टी मात्र तुमच्या पिशवीत, त्यांच्या नको.